जॉर्ज जीवाजीराव आणि आमचा कियान : लष्करातल्या मराठी घरांतली मुलांची नावे

गेल्या कार्तिकात आमच्या घरी नातू आला. मुलगा-सून नोकरीसाठी बंगळुरूला असतात, पण बाळंतपण आणि बारसे दोन्ही इथे लष्करातच करायचे हा सुनेचा हट्ट. तिचे माहेरही ग्वाल्हेरचेच. जन्म मृग नक्षत्राच्या चौथ्या चरणावर, म्हणून गुरुजींनी अक्षर काढून दिले 'की'. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर शोधाशोध होऊन नाव ठरलेसुद्धा : कियान.

मी 'किशोर' सुचवून पाहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, किशोर नावाचे तुमचे तीन मित्र आहेत आणि तिन्ही पेन्शनवर आहेत." आमच्या ताईने (वय 81) तर फोनवर दोनदा नाव विचारून घेतले आणि म्हणाली, "यात देव कुठाय?" मंडळाच्या मासिक बैठकीत पेढे वाटले तेव्हा तिथेही तोच विषय. एकाचे म्हणणे, आपली नावे आता आपणच बुडवतो आहोत. दुसऱ्याचे म्हणणे, नाव हिंदीवाल्यांना आणि इंग्रजी फॉर्मवाल्यांना दोघांनाही झेपले पाहिजे, मग ते काहीही असो. एका डॉक्टर सभासदांनी सांगितले की दवाखान्यात दिवसाला दोन आरव आणि एक विहान येतोच. शेवटी अध्यक्ष म्हणाले, भांडू नका, लिहून आणा. म्हणून हा लेख.

मी सुरुवात केली ती कियानच्या विरोधातला पुरावा गोळा करायला, हे आधीच कबूल करतो. पुरावा मात्र भलतीकडेच घेऊन गेला.

ग्वाल्हेरात जुन्या नावांचा विषय निघाला की आपण पहिल्यांदा राजवाड्याकडे बघतो. राणोजी, जयाप्पा, दत्ताजी, महादजी ही नावे आपल्याला इतकी मराठमोळी वाटतात की कुणी मुलाचे नाव 'राणोजी' ठेवले तर आपण त्याला परंपरेचा अभिमानी म्हणू. पण याच घराण्यात 26 जून 1916 रोजी मुलगा झाला तेव्हा माधवराव महाराजांनी त्याचे नाव ठेवले जॉर्ज जीवाजीराव. मोठ्या मुलीचे नाव मेरी कमलाराजे. बादशहा पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी हे या मुलांचे धर्ममातापिता. राजपुत्र असताना, 1905 साली, जॉर्ज ग्वाल्हेरला पाहुणे म्हणून येऊन गेले होते आणि त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे सातव्या एडवर्डच्या, भेटीसाठीच जयविलास राजवाडा उभा राहिला होता. दोन पिढ्यांचा घरोबा. तेव्हाच्या लष्करातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीने 'जॉर्ज' ऐकून काय म्हटले असेल याची मला ताईच्या फोनवरून कल्पना येते.

पुढे काय झाले ते बघण्यासारखे आहे. जॉर्ज गळून गेला. आपल्या विद्यापीठाची स्थापना 1964 सालची, त्याचे नाव नुसते जीवाजी विश्वविद्यालय. मुलींच्या कॉलेजला आपण केआरजी म्हणतो, त्यातली 'के' कमलाराजांची. मेरी कुठेच नाही. शहराने ठेवण्यासारखे तेवढे ठेवले. बिर्लानगरच्या गिरणीचे नाव जियाजीराव कॉटन मिल, हे जयाजीराव, म्हणजे जीवाजीरावांचे आजोबा. पण आपल्याकडच्या हिंदी बोलीत जयाजीचा जियाजी झाला आणि बाहेरगावचा माणूस जियाजी आणि जीवाजी एकच समजतो. मराठी नावाला आपल्याकडे हेही होत आले आहे, त्याची तक्रार कुणी केलेली मी ऐकली नाही.

आता जरा मागे जाऊ. लष्कर वसवणारे दौलतराव. 1810 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्या फौजेचा तळ पडला आणि तोच पुढे आपले गाव झाला. 'दौलत' हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. आणि ते काही एकटे नव्हेत. फत्तेसिंह, हिंमतराव, हैबतराव, सुलतानजी, रुस्तुमराव, गुलाबराव ही सगळी मराठा घराण्यांतली नावे, आणि प्रत्येकाच्या पोटात फारसी शब्द. शिवकाळातल्या चाकणच्या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी नरसाळा, त्यात तर फिरंगीच बसलेला आहे. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांना नवस केला आणि मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली ही हकीकत बखरींपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे आहे. दरबारची भाषा फारसी, रुबाब तिच्यात, म्हणून नावातही ती आली. मागे 'जी' किंवा 'राव' लावला की नाव आपले झाले.

इथे मला पहिला धक्का बसला. कियानचा अर्थ नावांच्या याद्यांमध्ये कुठे 'देवाची कृपा' तर कुठे आणखी काही दिलेला असतो. तो शब्द फारसीच आहे. इराणच्या पुराणकथांतल्या कयानी राजांचा. कै म्हणजे राजा, पारशांच्या कैखुश्रू-कैकोबादमधला 'कै' तोच, आणि त्याचे अनेकवचन कियान. म्हणजे दौलतरावांच्या गावात एक फारसी नाव आणखी आले, एवढेच. सुनेला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला चालेल?" मी म्हटलं, मी फक्त व्युत्पत्ती सांगितली.

(आरवचे काय, हे डॉक्टरांनी विचारले होते. याद्यांमध्ये त्याचा अर्थ 'शांत' असा सर्रास दिलेला असतो. आपट्यांच्या संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा. लहान मुलाला हा अर्थ जास्त शोभतो असे माझे मत. विहान म्हणजे पहाट. आपल्या पूर्वेकडच्या अवधी-भोजपुरी खेड्यांत रोज बोलला जाणारा 'बिहान' तोच. शहरातल्या लोकांना तो फार नवा आणि उच्चभ्रू वाटतो याची गंमत वाटते.)

राजवाड्याच्या नावांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण कौतुकाने बघतो पण नीट बघत नाही. दौलतराव 1827 मध्ये वारले, पुत्र नव्हता. बायजाबाईंनी मुगुटराव नावाचा मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव झाले जनकोजीराव. जनकोजीराव 1843 मध्ये निपुत्रिक गेले, ताराबाईंनी भागीरथराव नावाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तो झाला जयाजीराव. ज्यांच्या नावाने आपला जयाजी चौक, जयारोग्य रुग्णालय, ते महाराज जन्माने भागीरथ. जनकोजी आणि जयाप्पा ही नावे पानिपताच्या आधीच्या पिढ्यांतली. गादीवर बसणाऱ्याने ती घालायची, अंगरखा घालावा तशी. फुलबागेत ज्यांची समाधी आहे त्या राणी लक्ष्मीबाईंच्या घरातही हेच. त्यांचा स्वतःचा मुलगा दामोदर तान्हेपणीच गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधरराव मरणाला टेकलेले असताना आनंदराव नावाचे भाऊबंदांतले पोर दत्तक घेतले आणि त्याला नाव दिले दामोदरराव. गेलेल्या मुलाचे नाव जिवंत मुलाला. 1858 च्या जूनमध्ये ते पोर आईबरोबर ग्वाल्हेरातच होते. पुढे इंदूरला राहिले, 1906 पर्यंत जगले, शेवटपर्यंत दामोदररावच.

तेव्हा 'घराण्याचे नाव चालवणे' ही गोष्ट आपण जितकी मायेची समजतो तितकी ती नेहमी नव्हती. नाव ही जागा होती, आणि जागेवर माणूस बसवायचा होता.

हे राजेरजवाड्यांचे झाले, साध्या घरांतही तेच होते. आजोबांचे नाव पहिल्या नातवाला, ही आमच्या देशस्थी घरात सरळ रीत. माझे कागदावरचे नाव आजोबांचे. ते गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी जन्मलो, तेव्हा दुसरे नाव कुणाच्या मनातही आले नाही. पण सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नसते. त्यामुळे माझ्या आईने मला उभ्या जन्मात माझ्या नावाने हाक मारली नाही. घरात मी बाळ. लग्न झाले, मुले झाली, केस पांढरे झाले तरी बाळच. मराठी घरांत नाना, आप्पा, अण्णा, भाऊ, बापू, तात्या यांचे इतके पीक का, याचे निम्मे उत्तर या एका रिवाजात आहे. बायकांना तोंडाने म्हणता येईल असे काहीतरी लागायचे.

शाळेत नाव घालायला वडील परगावी होते म्हणून आई गेली होती. मास्तरांनी विचारले, मुलाचे नाव? आईने शेजारच्या पोराला पुढे करून त्याच्याकडून वदवून घेतले. ही गोष्ट आमच्याकडे हसून सांगितली जाते, मीही सांगत आलो. दुसरी गोष्ट मी फारशी सांगत नाही. शेवटच्या आजारात आईला दवाखान्यात ठेवले होते. नर्स मध्य प्रदेशातलीच, हिंदी बोलणारी. रात्री मी औषध आणायला खाली गेलो असताना आई घाबरली आणि मला बोलवा म्हणू लागली. नर्सने विचारले, "बेटे का नाम?" आई म्हणाली, "बाळ." "पूरा नाम बताइए, माँजी." आई परत म्हणाली, बाळ. मी वर आलो तेव्हा नर्स वॉर्डाच्या दारात उभी राहून 'बालाजी, बालाजी' अशा हाका मारत होती.

सून म्हणते ते याच्याशी जोडून बघावे लागते. माझ्या वडिलांचे नाव मी सुचवले असते तर तिने ते बिनदिक्कत उच्चारले असते, तिला कसलीच अडचण नाही, माझे नावही ती फोनवर बँकवाल्यांना स्वच्छ सांगते. तिचे म्हणणे वेगळे. "बाबा, माझ्या वर्गात चार जणींची नावं एकच होती. मला याचं नाव घेतलं की फक्त हाच आठवला पाहिजे." हे मला पहिल्यांदा फार आजकालचे वाटले. नंतर आईची आठवण झाली आणि मी गप्प बसलो.

विसाव्या शतकात आपल्या घरांतली नावे ज्या वेगाने बदलली तो वेग आजच्यापेक्षा काही कमी नव्हता. ग्वाल्हेर गायकीच्या पंडित घराण्याकडेच बघा : शंकर पंडित, त्यांचे पुत्र कृष्णराव, त्यांचे पुत्र लक्ष्मण, आणि त्यांचे पुत्र तुषार. देवांची रांग लागली होती, ती दवबिंदूपाशी येऊन थांबली. मुक्तिबोधांच्या घरात 1917 मध्ये श्योपूरला झालेला मुलगा गजानन आणि 1921 मध्ये इंदूरला झालेला शरच्चंद्र. थोरला हिंदीचा मोठा कवी, धाकटा मराठीचा. काही वर्षांच्या अंतराने एकाच घरात एक नाव दैवताचे, दुसरे ऋतूचे आणि चंद्राचे. प्रभाकर, मधुकर, सुधाकर, रत्नाकर यांची एक लाट, मग रमेश, सुरेश, दिनेश यांची, मग संजय, अजय, संदीप. माझ्या पिढीच्या शाळेच्या वर्गात हजेरी घेताना दुसऱ्या लाटेतली पोरे आडनावानेच ओळखावी लागत. या प्रत्येक वेळी कुणीतरी आजी म्हणालीच असणार, हे काय नाव.

त्यातही अशोक आणि मिलिंद या दोन नावांपाशी इतिहासप्रेमी माणसाने थांबायला हवे. आज अशोक म्हणजे अगदी जुन्या वळणाचे नाव, साठी-सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांचे. पण शिलालेखांतला 'देवानांपिय' म्हणजेच अशोक हे खुद्द लेखातल्या नावानिशी पक्के झाले ते 1915 मध्ये मास्कीचा लेख सापडल्यावर. आपल्या शेजारच्या दतिया जिल्ह्यातल्या गुजर्‍याच्या लेखातही हे नाव आहे. हा सम्राट शाळेच्या पुस्तकांत आला, राष्ट्राच्या चिन्हांत आला आणि पाळण्यातही उतरला. मराठी पाळण्यात तो तेव्हा नवा होता, तरुण आईबापांचा होता. आणि मिलिंद? संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, पण ज्या मिलिंदाच्या नावाने डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिले तो पाली ग्रंथातला राजा मिलिंद म्हणजे ग्रीक मिनांदर, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा. मिलिंद हे नाव आता जितके मराठी मानले जाते तितके दुसरे क्वचित असेल.

ग्रीकांचे निघालेच आहे तर आपल्या जुन्या संस्थानाच्या हद्दीतले बेसनगर आठवते. तिथला गरुडस्तंभ उभा केला हेलिओदोराने. हा तक्षशिलेचा यवन, दियाचा मुलगा, वासुदेवाचा भक्त. त्याने भक्ती बदलली, लिपी इथली वापरली, नाव बापाने ठेवलेले तसेच खोदून घेतले. ताई म्हणते तसा त्या नावात देव होता, फक्त तो ग्रीकांचा सूर्य होता.

इतके सगळे झाल्यावर माझ्या विरोधाचे काय उरले, असे मंडळातले मित्र विचारतील. उरले आहे. ते नावाबद्दल नाही, नावांच्या संख्येबद्दल आहे.

आपल्या जुन्या पद्धतीत मुलाला एक नाव नसायचेच. नामकरणात चार नावे : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. काशाच्या ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने ती लिहायची. देवतानाम कुलदैवतावरून. मासनाम महिन्यावरून ठरलेले, चैत्राचा वैकुंठ, श्रावणाचा वासुदेव, मार्गशीर्षाचा कृष्ण. नाक्षत्रनाम चारचौघांत उच्चारायचे नाही, ते पत्रिकेत राहायचे आणि मुंजीत-लग्नात बाहेर यायचे. चौथे तेवढे जगासाठी. ज्यांची मुले जगत नसत ती माणसे यावर आणखी एक नाव चढवीत, धोंडू, दगडू, भिकू, की दृष्ट लागू नये. शिवाय घरातले बाळ-नाना वेगळेच. चौथे नाव सूत्रकारांच्या नियमात बसो न बसो (मुलाचे नाव सम अक्षरांचे असावे असा आश्वलायनाचा नियम, त्यात आमच्या घरातली निम्मी नावे नापास होतात), बाकीची तीन त्याला सांभाळून घेत. माधवराव महाराजांना मुलाला जॉर्ज म्हणता आले, कारण शेजारी जीवाजीराव होताच. 1971 मध्ये त्याच घरात ज्योतिरादित्य हे नाव आले तेव्हा ते किती नवे वाटले असेल. पण वाडी रत्नागिरीचा जोतिबा शिंद्यांचे कुलदैवत आहे, राणोजींच्या एका मुलाचे नावही जोतिबाच होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांत जुने नाव ऐकू येते.

आता एकाच नावाने सगळे करायचे असते. दवाखान्यातून घरी यायच्या आत जन्मदाखल्याचा फॉर्म समोर येतो. खरे तर जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असली तरी नाव मागाहून भरता येते, वर्षभर विनाशुल्क. पण हे कुणी सांगत नाही, आणि ऑक्टोबर 2023 पासून नव्या मुलांच्या जन्मतारखेला हाच दाखला सगळीकडे धरला जातो, त्यामुळे आईबाप घाईला येतात. त्यात आपल्याकडे आणखी एक गळती आहे. महाराष्ट्रात मुलाच्या नावामागे बापाचे नाव आपोआप लागते. आपल्या मध्य प्रदेशातल्या शाळांच्या आणि परीक्षांच्या फॉर्मांवर वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा, त्यामुळे मधले नाव कधी गळाले ते आपल्याला कळलेच नाही. माझ्या नावात वडील आहेत. मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रात मी नाही. नातू बंगळुरूत वाढणार, घराबाहेर मराठी त्याच्या कानावर किती पडेल कोण जाणे. कियान आणि पुढे आडनाव, बस. ते आडनावही तिकडे कुणाला मराठी म्हणून ओळखू येईलच असे नाही.

म्हणून मी नाव बदला म्हटले नाही. मी दोन गोष्टी मागितल्या. दाखल्यावर मधले नाव बापाचे घाला, आणि बारशाला चारही नावे लिहू द्या. पहिली सुनेने लगेच मान्य केली, मुलाने थोडी कुरकुर केली की पासपोर्टला लांब होते.

बाराव्या दिवशी बारसे झाले. बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून बाळाला एकमेकींच्या हातात दिले, गोविंद-गोपाळ म्हणून झाले. काशाचे ताट ताईने तिच्या घरून आणले होते. पहिले नाव खंडोबाचे, मल्हारी. कार्तिक म्हणून दुसरे पुंडरीकाक्ष. ते लिहिताना माझी अंगठी तांदळात दोनदा अडकली आणि शेवटचा 'क्ष' मुलाने काढला. तिसरे मी इथे लिहिणार नाही. चौथे आत्याने कानात सांगितले आणि पाठीवर धपाटे पडले. ताई त्याला 'किसन्या' म्हणते. परवा सून खोलीतून हाक मारताना ऐकले, तीही किसन्याच म्हणत होती.

मंडळाच्या वाचकांना एक विनंती. घरात जुन्या पत्रिका असतील, हाताने लिहिलेल्या, लांब गुंडाळीच्या, तर त्यात ही बाकीची तीन नावे बहुधा सापडतील. त्यांची छायाचित्रे आमच्याकडे पाठवा, शक्य असल्यास साल आणि मोहल्ल्याचे नाव घालून. जनकगंज, दौलतगंज आणि नई सडक इथल्या घरांच्या मिळून सतरा पत्रिका आतापर्यंत जमल्या आहेत. त्यातल्या तिघा मासनामांच्या वैकुंठांची व्यवहारातली नावे अनुक्रमे दत्तात्रय, सुरेश आणि बंटी आहेत.